चेहऱ्याला लावलेली पाटी

१९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आमच्या वळसंगला आले होते. सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना लागणाऱ्या या गावात दलितांची स्वतःची विहीर झाली होती आणि ती बाबासाहेबांच्या हस्ते सुरू झाली. ही गोष्ट गावात लहान पोरालाही ठाऊक असते. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९४८ साली, त्यांचं ‘द अनटचेबल्स’ हे पुस्तक निघालं. त्यात माणसांच्या नाकांच्या मापांचे तक्ते आहेत. विहिरीबद्दल सगळे बोलतात, नाकांच्या तक्त्यांबद्दल कोणी बोलत नाही. मला त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे, कारण माझा धंदा चेहऱ्यांचा आहे. वळसंगमध्ये माझा फोटो स्टुडिओ आहे. आधी वडील बसायचे, नंतर मी बसू लागलो. शाळेच्या दाखल्यापासून ते भिंतीवर हार घालून लावायच्या फोटोपर्यंत गावाचे चेहरे आमच्या हाताखालून गेले आहेत.

सध्या सगळीकडे एक बातमी असते. कॉम्प्युटरला चेहरा दाखवला की तो माणसाचं वय सांगतो, मूड सांगतो, आणि काही जणांच्या म्हणण्याप्रमाणे त्याचा स्वभावही सांगतो. न्यूरल नेटवर्क हे त्या तंत्राचं नाव. लोक ते नवलाईनं ऐकतात. पण चेहरा मोजून माणसाची लायकी ठरवण्याचा उद्योग आपल्या देशात सव्वाशे वर्षांहून जुना आहे आणि त्याची झळ आमच्या सोलापूरला फार जवळून लागलेली आहे.

हर्बर्ट रिस्ले हा बंगालमधला इंग्रज अधिकारी. १८८०च्या दशकात त्याने जातीजातींची माणसं मोजायला घेतली. नाकाची रुंदी घ्यायची, तिला नाकाच्या लांबीनं भागायचं, शंभरानं गुणायचं. उत्तर सत्तरच्या खाली आलं तर नाक चिंचोळं, पंच्याऐंशीच्या वर गेलं तर बसकं. हे आकडे मांडून रिस्लेनं निष्कर्ष काढला की नाक जसजसं रुंद होत जातं तसतशी जात खाली उतरते. पुढे हाच माणूस १९०१च्या जनगणनेचा आयुक्त झाला आणि त्या जनगणनेत जाती प्रतिष्ठेच्या उतरंडीनं लावल्या गेल्या. एका नाकाला लावलेल्या कॅलिपरला सरकारी शिक्क्याचं बळ मिळालं.

त्याला उत्तर मिळालं ते महाराष्ट्रातल्या माणसांकडून. गो. स. घुर्ये हे मालवणात जन्मलेले, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे. १९३२ साली निघालेल्या जात आणि वंश या विषयावरच्या पुस्तकात त्यांनी हीच मापं नव्यानं तपासली. उत्तर हिंदुस्थानच्या एका भागात उतरंड आणि नाक यांचा थोडाफार मेळ दिसतो. इतर प्रांतांत, महाराष्ट्रातसुद्धा, तो बसत नाही, असं त्यांनी दाखवून दिलं. बाबासाहेबांनी पुढचं पाऊल टाकलं. अस्पृश्य हे निराळ्या वंशाचे, असं सांगणाऱ्यांना त्यांनी त्यांच्याच मापांनी खोडून काढलं. एकेका प्रांतातल्या ब्राह्मणांच्या आणि अस्पृश्यांच्या नाकांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले की तुमचं शास्त्र खरं मानायचं तर ही एकाच वंशाची माणसं आहेत. नाकाला नाक लागतं, मग विहिरीला हात का लागू नये? हे शेवटचं वाक्य माझं आहे, पण वळसंगचा माणूस तो तक्ता वाचून दुसरं काय म्हणेल!

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचं नावही इथेच घ्यायला हवं. १९२०च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठतेच्या कल्पनेत बुडालेले. गोऱ्यांच्या कवटीची उजवी-डावी बाजू इतरांपेक्षा जास्त असमान असते आणि त्यातच त्यांच्या बुद्धीचं कारण आहे, असं फिशरांना वाटत होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही असं लिहून मोकळ्या झाल्या. परक्या देशात, गुरूच्या संस्थेत बसून, गुरूच्या विरुद्ध जाणारा आकडा जसाच्या तसा लिहिणं सोपं नव्हतं. पुढे पुण्याला डेक्कन कॉलेजात त्यांनी महाराष्ट्रातली माणसंही मोजली. मोजणं वाईट नाही, हे मला त्यांच्याकडे बघून पटतं. मोजण्याआधीच उत्तर लिहून ठेवणं वाईट.

आता सोलापूरकडे येतो. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे १९११च्या कायद्यानं तो सगळ्या देशाला लागू झाला. एखादी जमातच्या जमात जन्मानं गुन्हेगार, असं सरकारनं छापून जाहीर करायचं आणि मग तिच्या माणसांची नोंद, हजेरी, बोटांचे ठसे. सोलापुरात यासाठी मोठी सेटलमेंट उभी राहिली. काटेरी तारेच्या कुंपणाआत कैकाडी, पारधी, कंजारभाट, मांग गारुडी, टकारी अशा जमातींची कुटुंबं. आतल्या माणसांनी सोलापूरच्या गिरण्यांत खपायचं आणि हजेरीला परत तारेआत यायचं. परगावी जायचं तर पास. सोलापुरात आजही ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हा पत्ता आहे, पोस्टमन तो रोज वाचतो. मुंबई इलाख्यात हे खातं सांभाळणारे अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट. दलित आणि आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करायला १९२८ साली सरकारनं जी समिती नेमली तिचे अध्यक्षही तेच, आणि त्या समितीवर सदस्य म्हणून बाबासाहेब होते.

स्टुडिओत बसून या कायद्याचा विचार करताना मला एक गोष्ट कायम खटकते. याच काळात युरोपात लोम्ब्रोसो नावाचा इटालियन डॉक्टर सांगत होता की गुन्हेगार जन्मतःच निराळा घडतो, जबडा, कान, कपाळ यांवरून तो ओळखू येतो. त्याचं पुस्तक १८७६चं. मग तसं चेहऱ्यावर लिहिलेलं असतं तर तार कशाला लागली असती? हजेरी कशाला? बाजारात उभा राहिलेला शिपाई नुसतं बघून बोट दाखवू शकला असता. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, म्हणून तर याद्या कराव्या लागल्या. आधी यादी झाली, आणि यादीतल्या माणसाचा चेहरा मग लोकांना ‘तसा’ दिसू लागला.

फिल्मच्या जमान्यात एकदा फ्री कॉलनीतले एक म्हातारे बाबा लेकीकडे वळसंगला आले होते, ते रेशन कार्डासाठी फोटो काढायला आले. स्टुलावर ताठ बसले, हात मांडीवर, हनुवटी वर. मी फोकस लावत होतो तोवर त्यांनी विचारलं, ‘‘पाटी कुठाय? धरायची न्हवं का ओ?’’ मला आधी कळलंच नाही. मग कळलं, पोलिसांच्या फोटोत छातीशी धरायला लावतात ती पाटी. मी म्हणालो, ‘‘बाबा, इथं पाटी नसते. निवांत बसा.’’ ते निवांत बसू शकले नाहीत. तो फोटो मी दोनदा काढला आणि दोन्ही वेळा चेहरा तसाच आला, ओठ घट्ट, डोळे भिंगावर खिळलेले. फोटो बघणाऱ्यानं त्यांना रागीट म्हटलं असतं. मी त्यांना ओळखत नव्हतो, पण ते भ्यालेले होते एवढं मला दिसत होतं, कारण मी खोलीत होतो.

कैद्यांच्या फोटोंवर फार कसोशीनं काम केलं ते फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं. हा भाग मी थोडा सावकाश सांगतो, कारण यातलं हातकाम मला कळतं. १८७७-७८चा सुमार. इंग्लंडच्या तुरुंग खात्यातल्या एडमंड ड्यू केन या अधिकाऱ्यानं त्याला कैद्यांचे फोटो दिले. गाल्टननं सारख्या गुन्ह्याच्या कैद्यांचे फोटो वेगळे काढले. मग ते एकाच काचेवर एकावर एक उतरवले. आठ फोटो असतील तर प्रत्येकाला पूर्ण प्रकाशाचा आठवा हिस्सा द्यायचा. प्रत्येक फोटो ठेवताना डोळ्यांच्या बाहुल्या आधीच्या बाहुल्यांवर नेमक्या बसल्या पाहिजेत, नाही तर सगळं धुरकट होतं. एन्लार्जरखाली आम्हीही डबल एक्स्पोजर करायचो, लग्नाच्या अल्बमात नवरीच्या चेहऱ्यात नवरदेव बसवायचा असायचा. दोन चेहऱ्यांतच डोळे जुळवताना कपाळाला घाम यायचा. गाल्टनचं कसब मोठं होतं, यात शंका नाही.

त्याला हवा होता गुन्हेगाराचा मूळ चेहरा. मिळाला तो भलताच. चेहरे एकावर एक चढत गेले तसे व्रण, वण, वाकडं नाक, सुजलेला डोळा, सगळं पुसलं गेलं आणि खाली उरला एक साधा, बरा दिसणारा माणूस. गाल्टननं स्वतः हे लिहून ठेवलं, की एकेकट्या चेहऱ्यातला खलपणा मिश्र चेहऱ्यात नाहीसा होतो. तिथेच हा शोध थांबायला हवा होता. १९१३ साली चार्ल्स गोरिंग या तुरुंगातल्या डॉक्टरनं इंग्लंडातले सुमारे ३,००० कैदी मोजले, त्यांची बाहेरच्या माणसांशी तुलना केली आणि लोम्ब्रोसोचा जन्मजात गुन्हेगार कुठे सापडत नाही असं जाहीर केलं. सोलापूरच्या तारेवर त्याचा काही परिणाम झाला नाही. कायदा देशभर रद्द व्हायला १९५२चा ऑगस्ट उजाडावा लागला. ३१ ऑगस्टला या जमाती विमुक्त दिन पाळतात तो त्यामुळे.

नाकांच्या मापांपासून कॉम्प्युटरपर्यंतचा रस्ता कलकत्त्यावरून जातो. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी माणसांची शरीरमापं तुलनेला घेतली, रिस्लेचे आकडेही १९३३ साली नव्यानं तपासले. दोन गटांत खरा फरक किती, हे अनेक मापं एकत्र घेऊन कसं सांगायचं, या प्रश्नातून त्यांनी १९३६ साली अंतर मोजायचं एक सूत्र मांडलं. ‘महालनोबिस अंतर’ या नावानं ते जगभरच्या कॉम्प्युटरवाल्यांना शिकवलं जातं. सूत्र निर्दोष आहे. त्याला काय खाऊ घालायचं हे माणूस ठरवतो.

१९९० साली अमेरिकेत बिअट्रिस गोलोम्ब, डेव्हिड लॉरेन्स आणि टेरेन्स सेज्नोव्स्की यांनी चेहऱ्यावरून बाई की पुरुष हे सांगणारं नेटवर्क केलं. ९० चेहरे, दाढी-मिशी नाही, दागिने नाहीत. प्रत्येक फोटोचे ३० गुणिले ३० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा उजेड म्हणजे एक आकडा. नेटवर्क या आकड्यांना वजनं देतं, बेरीज करतं, उत्तर सांगतं. उत्तर चुकलं की वजनं जराजराशी सरकवली जातात आणि पुन्हा सुरुवात. त्यांचं नेटवर्क ८.१ टक्के वेळा चुकलं, तेच फोटो बघणारी माणसं ११.६ टक्के. आजची नेटवर्कं लाखो फोटोंवर शिकतात, पण पद्धत हीच. आणि बहुतेक ठिकाणी पहिली पायरी गाल्टनचीच असते: डोळे डोळ्यांवर बसवा.

यात कळीची गोष्ट ही, की उत्तर चुकलं हे नेटवर्कला कोण सांगतं? फोटोसोबत जी पाटी जोडलेली असते ती सांगते. ‘बाई’, ‘पुरुष’, ‘आनंदी’, ‘गुन्हेगार’. पाटी माणसानं लावलेली. नेटवर्क चेहरा शिकत नाही, पाटी शिकतं.

२०१६ साली शांघायच्या जिआओ टोंग विद्यापीठातल्या शिआओलिन वू आणि शी झांग यांनी १,८५६ चिनी पुरुषांचे फोटो घेतले. त्यांतले ७३० गुन्हेगार म्हणून नोंदलेले. चेहऱ्यावरून गुन्हेगार ओळखण्यात आपलं नेटवर्क ८९.५ टक्के बरोबर येतं, असं त्यांनी जाहीर केलं. वरच्या ओठाची वळणं, डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधलं अंतर, नाकाच्या टोकापासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंतचा कोन, यांत म्हणे फरक सापडला. पुढच्या वर्षी ब्लेझ अग्वेरा इ आर्कास, मार्गारेट मिचेल आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह या तिघा संशोधकांनी त्याची चिरफाड केली. गुन्हेगारांचे फोटो पोलिसांकडून आलेले, बाकीचे इंटरनेटवरून घेतलेले. कोणताही फोटोग्राफर नुसते नमुने बघून सांगेल की हे एका प्रकारचे फोटो नाहीत. एका बाजूला पांढरी कॉलर आणि ओठांवर किंचित हसू. दुसऱ्या बाजूला कॉलर नाही, हसू नाही. माणूस हसला की ओठांचे कोपरे बाहेर जातात, नाकापासूनचा कोन रुंदावतो, वरचा ओठ सपाट होतो. मी गिऱ्हाइकाला ‘जरा हसा’ म्हणतो तेव्हा हेच तर करत असतो! ज्याला कोणी ‘जरा हसा’ म्हटलं नाही तो त्या नेटवर्कच्या लेखी गुन्हेगार. रेशन कार्डाचा फोटो काढून घेणारे ते बाबा मला इथे आठवले आणि माझं मन कळवळलं.

स्टॅनफर्डच्या दोघा संशोधकांनी २०१७ साली समलिंगी माणूस चेहऱ्यावरून ओळखता येतो असं म्हटलं, तेव्हाही हेच तिघे पुढे आले. मेकअप, चष्मा, दाढी, आणि सेल्फी काढताना फोन वर धरला की खाली, या सवयींनी बराचसा फरक पडतो हे त्यांनी दाखवलं. कॅमेरा कमरेच्या उंचीवर आणला की जबडा मोठा होतो, डोक्यावर नेला की कपाळ मोठं आणि हनुवटी निमुळती. फोटोंतल्या पोरांची हाडं कोणी मोजली नव्हती. मोजली गेली होती ती त्यांच्या हातांची उंची.

आमच्या धंद्यालाही यातला हिस्सा उचलायला हवा. स्थळांना पाठवायच्या फोटोच्या नेगेटिव्हवर वडील टोकदार पेन्सिल चालवायचे. डोळ्याखालची काळी रेघ, गालावरचा वण. नेगेटिव्हवर तिथे शिसं भरलं की प्रिंटवर ती जागा उजळते. सावळ्या मुलीचा फोटो ‘निमगोरा’ करून मागायचे लोक, आणि स्टुडिओ तो करून द्यायचे. गावोगावचे असे फोटोही कोणत्या तरी ढिगात जाऊन पडत असतील आणि त्यावर यंत्रं शिकत असतील. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि तिम्नित गेब्रू यांनी मोठ्या कंपन्यांची स्त्री-पुरुष ओळखणारी यंत्रं तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचं प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत एका यंत्राचं ३४.७ टक्क्यांपर्यंत वर. आमच्याकडे उन्हात तूर काढणाऱ्या बायका कुठल्या रकान्यात पडतील ते सांगायला नको.

हाच माणूस तो आहे का, हे तपासणं एक. हा माणूस कसा आहे, हे सांगणं दुसरं. पहिल्यात निदान तपासायला खरं उत्तर असतं. अंगणवाडीत पोषण आहार देताना २०२५च्या जुलैपासून चेहरा जुळवून घेणं सक्तीचं झालं. ते पहिल्या प्रकारचं काम, आणि तिथेही आधारवरचा जुना फोटो नि बाळंतपणानंतरचा चेहरा यांत किती फरक पडतो ते मी रोज बघतो. पण तिथे सेविका त्या बाईला नावानं ओळखते. स्वभावाच्या बाबतीत असं शेजारी उभं राहून ‘नाही, ही ती नव्हे’ म्हणणारं कोणी नसतं.

आणि पोलिसांकडचे फोटो वाढत चालले आहेत. १९२०चा कैदी ओळख कायदा जाऊन २०२२ साली नवा आला. बोटांचे ठसे, तळहात, फोटो, बुबुळं आणि डोळ्याचा पडदा, असं बरंच काही घेता येतं आणि ७५ वर्षं ठेवता येतं. युरोपीय संघानं केवळ स्वभाव किंवा व्यक्तिवैशिष्ट्यं पाहून कोणी गुन्हा करील असं भाकीत करणाऱ्या यंत्रणांवर २०२५च्या फेब्रुवारीपासून बंदी आणली, शाळा आणि कामाच्या जागी भावना ओळखणाऱ्या यंत्रांवरही. मायक्रोसॉफ्टनं चेहऱ्यावरून भावना सांगण्याची सोय काढून घेत असल्याचं २०२२ सालीच जाहीर केलं. आपल्याकडे असा मज्जाव करणारा कायदा झालेला नाही.

एक निकाल मात्र झाला, आणि तो मुंबईच्या एका पत्रकार बाईंच्या, सुकन्या शांता यांच्या याचिकेवर. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगातले जातीवर आधारलेले नियम रद्द केले. विमुक्त जमातींच्या माणसांना सवयीचे गुन्हेगार धरण्याची तुरुंगांच्या नियमावल्यांमधली चाल चुकीची ठरवली आणि कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं. तारेचं कुंपण गेल्यानंतर इतक्या वर्षांनी रकाना गेला.

रजिस्टरातून रकाना पुसता येतो. नेटवर्कमध्ये तो रकाना म्हणून नसतोच, लाखो वजनांत विरघळलेला असतो, कोणत्या वजनात किती ते त्याला बनवणाऱ्यालाही बोट ठेवून दाखवता येत नाही. म्हणून तो आत शिरण्याआधी पकडावा लागतो. उद्या कुठलंही सरकारी खातं चेहऱ्यावरून माणूस जोखणारं यंत्र घ्यायला निघालं, तर निविदेतच लिहून मागायला हवं: शिकवणीचे फोटो कुठले, ते कोणत्या कॅमेऱ्यासमोर काढले, फोटोतल्या माणसाला विचारलं होतं का, आणि पाटी कोणी लावली. ही चार वाक्यं आमच्या ग्रामसभेत ठराव म्हणून मांडायला मी लिहून काढली आहेत, आणि फ्री कॉलनीतल्या ओळखीच्या मुलांनाही वाचायला दिली आहेत. त्यांतल्या एका मुलीनं पाचवं वाक्य जोडलं: यंत्र चुकलं तर दाद कोणाकडे मागायची, त्या माणसाचं नाव आणि हुद्दा लिहा.